पेटंट नंबर २२,९२,३८७

टी.ई.च्या कम्युनिकेशनच्या लेक्चरला सरांनी फ्रिक्वेन्सी हॉपिंग शिकवलं आणि जाता जाता म्हणाले, "यात एका हॉलिवूडच्या हिरॉईनचं पेटंट आहे बरं का!" सगळा वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. नंतर ते पेटंट वाचलं आणि स्वतःच्याच हसण्याची लाज वाटली.

हिरॉईनचं नाव हेडी लमार. जन्म १९१४, व्हिएन्ना. पहिला नवरा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. त्याला सोडून ती अमेरिकेत आली आणि १९३८ च्या 'अल्जियर्स'नंतर स्टार झाली. स्टुडिओने तिला 'जगातली सर्वात सुंदर स्त्री' म्हणून विकलं. बस्स, एवढीच ओळख!

पण महायुद्ध सुरू झाल्यावर तिच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. रेडिओवर चालणारा टॉर्पेडो शत्रू सहज जॅम करू शकतो, कारण सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर असतो. मग ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोघांनी मिळून सतत फ्रिक्वेन्सी बदलली तर? संगीतकार जॉर्ज अँथील याच्याबरोबर तिने हे डिझाईन केलं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रं पाडलेला कागदाचा रोल असतो, तसे दोन सारखे रोल दोन्हीकडे फिरवायचे. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ फ्रिक्वेन्सी! ११ ऑगस्ट १९४२ ला पेटंट मिळालं. नौदलाने मात्र ते युद्धात वापरलं नाही. तिला कामाला लावलं ते वॉर बाँड विकायला. म्हणजे चेहरा हवा, डोकं नको!

आता नेटवर तिला 'वायफायची आई' म्हणतात. मित्रांनो, हेही मला पटत नाही. फ्रिक्वेन्सी बदलण्याची कल्पना तिच्या आधीही मांडली गेली होती. आजचं वायफाय हॉपिंग करत नाही. ब्लूटूथ करतं, सेकंदाला १६०० वेळा, पण तेही तिने बनवलेलं नाही. तिला देवी कशाला करायचं? हसणं काय नि आरती ओवाळणं काय, दोन्हीत तिचं काम कोणी वाचतच नाही.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? प्रोजेक्ट ग्रुपमध्ये सर्किट मुलं करतात. मुलींनी रिपोर्ट टाईप करायचा आणि प्रेझेंटेशनला पुढे उभं राहायचं. "तुम्ही छान बोलता ना!" हे आमचे वॉर बाँड! आम्हीही गुपचूप ऐकतो, हा दोष आमचा.

हेडीला पहिला मोठा तांत्रिक सन्मान मिळाला १९९७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. जानेवारी २००० मध्ये ती गेली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये तिचं नाव लागलं.

ते पेटंट एकदा जरूर बघा. त्यावर 'हेडी लमार' हे नाव नाही, 'हेडी कीस्लर मार्की' आहे. फोटो नाही. आहेत त्या फक्त आकृत्या आणि क्लेम्स. वाचणाऱ्याला ती दिसायला कशी होती, हे कळतच नाही. मला तर ते फार आवडलं!