बुटक्या माजघरातील उजेड

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी घडलेला एक प्रसंग वाचकांस सांगावयास आम्हांस थोडा संकोच वाटतो. कारण त्यातील दोष आमचाच होता. आमच्या वाड्याचे माजघर जुन्या बांधणीचे. वर सागवानी तुळया व कडीपाट, आणि जमिनीपासून तुळईपर्यंत उंची जेमतेम साडेसात फूट. चार वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने रंगीत काचेची एक हंडी आणून मध्यभागी टांगली. दिसावयास ती देखणी होती. परंतु तिच्यातील दिवा नेमका उभ्या माणसाच्या डोळ्यांवर येई, आणि त्या झगमगाटापुढे उंबरठ्यालगतची जमीन काळोखात बुडून जाई. आमच्या वहिनी, वय वर्षे ८२, त्याच उंबरठ्यास ठेच लागून पडल्या व त्यांचे मनगट मोडले. “भाऊजी, दिवा लागला होता हो, पण दिसत काही नव्हते,” एवढेच त्या म्हणाल्या.

हंडी त्याच दिवशी उतरली. मग घरात वाद सुरू झाला. आमच्या पुतण्याचे म्हणणे असे की, पीओपीचे नवे छत खाली घेऊन त्यात गोल दिवे बसवावेत. “काका, हल्ली सगळीकडे असेच करतात.” करीत असतील. परंतु अशा छताला चार-सहा इंच तरी लागतात, आणि जी खोली आधीच मान खाली घालून बसली आहे तिला आणखी वाकविण्यात कोणता लाभ? शिवाय असल्या दिव्यांचा उजेड सरळ जमिनीवर पडतो, छत अंधारातच राहते, आणि अंधारे छत आहे त्याहून खाली आल्यासारखे भासते. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, दिवे पसंत करणारा मनुष्य ते उभ्याने पाहतो. म्हातारे माणूस, बाळंतीण आणि तान्हे मूल ते उताणे निजून पाहतात. माजघर हे त्यांचेच ठिकाण आहे.

आमच्या पूर्वजांस हे ठाऊक असावे. हंड्या-झुंबरे त्यांनी टांगली ती उंच दिवाणखान्यात. माजघरात दिवा असे तो भिंतीतल्या कोनाड्यात, नाही तर जमिनीवर समईत. ये-जा करणाऱ्याच्या डोक्यावर तो नसे. वीज आली आणि आपण मोठी-लहान खोली न पाहता सगळीकडे मध्यभागी तार सोडली.

शेवटी आम्ही केले ते असे. कडीपाटाच्या फळ्या पांढऱ्या रंगविल्या. कड्या व तुळया मात्र सागवानीच ठेविल्या, कारण त्यांवर रंग फासावयास आमचा हात धजेना. पांढरा रंग आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत देतो, जुने लाकूड तो गिळून टाकते. मग भिंतींवर साडेपाच फुटांच्या उंचीवर, वर तोंड असलेल्या वाटीसारखे चार दिवे बसविले. दिवा दिसत नाही. उजळलेले छत तेवढे दिसते, आणि त्याचा मऊ उजेड कोपऱ्यापर्यंत पोचतो. प्रत्येक दिवा ९ वॅटचा एलईडी, म्हणजे चार मिळून ३६ वॅट; जुना एक पिवळा दिवासुद्धा ६० वॅट खात असे. रंग ३००० केल्विनचा, किंचित पिवळसर घेतला. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दवाखान्यास ठीक. सागवान त्यात प्रेतकळेचे दिसते.

वहिनींच्या पलंगाशी पोथीसाठी निराळा, झाकणीचा दिवा ठेविला आहे. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो, हे घरातील तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावे. “एवढा उजेड काय करायचा?” हा प्रश्न त्यांनी आपल्या डोळ्यांवरून विचारू नये. उंबरठ्याशी, जमिनीपासून वीतभर वर, एक बारीक दिवा रात्रभर तेवत असतो.

शहरातील बिऱ्हाडांत उंची बहुधा नऊ फुटांची असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीस किमान २.७५ मीटर सांगितले आहेत. तेथे छताचा पंखा चालतो, मात्र त्याची पाती जमिनीपासून २.४ मीटरांच्या खाली येऊ नयेत. पंख्याच्या वर दिवा कधीही लावू नये. पाती फिरू लागली की सारी खोली लुकलुकते आणि वाचणाऱ्याचे डोके उठते. आमच्या माजघरात पंखा भिंतीवरच आहे.

सजावटीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बैठका बुटक्या असाव्यात, पडदे छतालगत सुरू होऊन जमिनीपर्यंत यावेत, उंच कपाटे दुसऱ्या खोलीत न्यावीत. तसबिरींचा प्रश्न मात्र नाजूक आहे. आपल्याकडे वाडवडिलांच्या तसबिरी तुळईखाली ओळीने, पुढे झुकवून टांगण्याची चाल आहे. बुटक्या खोलीत त्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. आम्ही वडिलांची तसबीर बसलेल्या माणसाच्या नजरेइतकी खाली आणली, तेव्हा धाकट्या बंधूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते तसबिरीसमोरच चहा घेत बसलेले दिसले.

हंडी माळ्यावर ठेविली आहे. जिन्याच्या वरचे छत चांगले चौदा फूट उंच आहे, तेथे ती लावावी असा सूनबाईंचा आग्रह आहे. वहिनींनी संमती दिली आहे. आमचीही हरकत नाही.