जीनोम म्हणजे सोर्स कोड नव्हे हो!

आम्हा आयटीवाल्यांना एक वाईट खोड आहे. कुठलीही गोष्ट दिसली की ती आम्हाला सॉफ्टवेअरच वाटते. हल्ली चहाच्या टेबलावर ऐकू येणारं नवं पालुपद: "डीएनए म्हणजे कोडच ना? जीवाणूतली नत्र पकडणारी जनुकं कॉपी करा, गव्हात पेस्ट करा. युरियाची कटकट संपली!"

अहो, इतकं सोपं असतं तर १९७२ सालीच संपली नसती का? त्या वर्षी डिक्सन आणि पोस्टगेट यांनी क्लेबसिएला या जीवाणूतली 'निफ' जनुकं ई. कोलायमध्ये नेली, आणि ई. कोलाय नत्र पकडू लागला. पन्नासहून जास्त वर्षं झाली. तसा गहू अजून कुठल्या शेतात दिसत नाही.

कारण फंक्शन कॉपी झालं, तरी त्याला लागणारं बाकीचं सामान कोण आणणार? नायट्रोजिनेज हे एन्झाइम ऑक्सिजन लागला की बाद. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत याची चोख व्यवस्था असते. झाड साखर पुरवतं, आणि लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन मोजूनमापून देतं. ताजी गाठ कापली की आत गुलाबी दिसते ती त्यामुळेच.

लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटीचा जीनोम २००१ मध्ये वाचून झाला. सुमारे ६७ लाख अक्षरं, सहा हजारांवर जनुकं! वाचून झाला म्हणजे समजला असं नव्हे. दुसऱ्याचा कोड ज्याने सांभाळलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, निसर्गही कॉपी-पेस्ट करतोच की! करतो ना. न्यूझीलंडच्या शेतात मेसोरायझोबियमची ही जनुकं एकगठ्ठा दुसऱ्या जीवाणूत जाताना सापडली आहेत. पण जीवाणूतून जीवाणूत. गाठीचं अर्धं काम तिथेही झाडच करतं.

संशोधन थांबवा असं मी म्हणत नाही. जरूर करा. माझा राग वेगळा आहे. आज चालणारी आवृत्ती आपल्याकडे आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ब्राझीलमध्ये सोयाबीन जवळजवळ नत्रखताविना, या जीवाणूंच्या जोरावर पिकतं. आपल्याकडेही कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं, पेरणीआधी बियाण्याला चोळायचं. २००६ पासून ते खत नियंत्रण आदेशाखाली येतं. पावडर असेल तर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. जिवंत! मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या पाकिटात पेरणीपर्यंत किती उरतील? शेतकऱ्याच्या हाती नुसती काळी पावडर येते, गाठी धरत नाहीत, आणि "जैविक खतं बोगस असतात" म्हणत तो बिचारा पुन्हा स्वस्त युरियाकडे वळतो. त्याचं काय चुकलं?

तेव्हा मित्रांनो, गव्हाचा जीनोम नंतर सुधारू. आधी पाकिटातले जीवाणू शिवारापर्यंत जिवंत पोचवायची थंड साखळी आणि तपासणी उभी करू. पुरवठा, ट्रॅकिंग, गुणवत्ता... हे तर आपलंच काम आहे ना? पण त्यात ग्लॅमर नाही.

असो.