उमेदवारीचे दार उघडावे कसे?

पुस्तकातील हिशेब आणि पेढीवरील हिशेब यांतील अंतर वाणिज्य शाखेच्या पदवीधराला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात उमगते. परीक्षेत बँक जुळवणी पत्रक अचूक सोडविणारा विद्यार्थी प्रत्यक्ष खातेउतारा हाती पडताच गोंधळतो. कारण प्रश्नपत्रिकेत फरकाची कारणे छापून दिलेली असतात, कार्यालयात ती शोधावी लागतात. ही शोधक दृष्टी वर्गात येत नाही. ती येते उमेदवारीतून.

ही जाणीव आता अभ्यासक्रमातही उतरली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. महाराष्ट्रात एम. कॉम.च्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे कार्यप्रशिक्षण आले. धोरण स्तुत्यच आहे. मात्र इतक्या विद्यार्थ्यांना काम शिकविणार कोण, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यावरच सोपविला गेला. महाविद्यालय एक ठरावीक मसुद्याचे विनंतीपत्र देते आणि विद्यार्थी ते घेऊन दारोदार हिंडतो. ज्याचे वडील वा मामा कोणा व्यावसायिकास ओळखतात, त्याची सोय होते. ज्याच्या घरातील तो पहिलाच पदवीधर, त्याच्या पदरी नकार तरी येतो किंवा काम न करताच मिळालेला शिक्का तरी. दरी बुजविण्यासाठी आणलेली योजना अशा रीतीने ती दरी रुंदावते, ही खरी चिंतेची बाब आहे.

उद्योजक नकार का देतात, याचा विचार येथे आवश्यक ठरतो. कारण पैशाचे असावे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या प्रारंभिक टप्प्यात तर दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० रुपये सरकारचे होते. घोडे पैशापाशी अडत नाही. ते वेळेपाशी अडते. आठ-दहा माणसांच्या कारखान्यात हिशेबनीस एकच असतो. नवख्या मुलाला समजावून सांगण्यात त्याचे रोज दोन तास गेले, तर मालकाचे काम तुंबते. मुलगा कामाचा होऊ लागतो न लागतो, तोच त्याचे पंधरा दिवस संपतात. असा व्यवहार कोणता व्यापारी पत्करील?

म्हणूनच महाविद्यालयांनी उद्योजकाकडे उपकार मागण्यासाठी जाऊ नये. त्याचा वेळ वाचविणारा प्रस्ताव घेऊन जावे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट कामाच्या निश्चितीची. ‘आमचा विद्यार्थी घ्या’ असे म्हणण्याऐवजी ‘आपले कोणते काम मागे पडले आहे?’ असे विचारावे. बँकेकडून कॅश क्रेडिट घेणाऱ्या लघुउद्योजकाला बहुधा दरमहा साठा आणि येणे रकमांचे विवरणपत्र द्यावे लागते. ते वेळेवर न आल्यास उचल मर्यादेची अडचण होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेबनिसाच्या देखरेखीखाली साठ्याची मोजदाद केली, येणेकऱ्यांची मुदतवार यादी केली, खरेदीची बिले जीएसटी विवरणाशी जुळवून पाहिली, तर मालकाचे काम होते आणि विद्यार्थ्यास खेळत्या भांडवलाचा अर्थ कळतो. काम, कालावधी, मार्गदर्शक, प्रवासखर्च वा विद्यावेतन आणि गोपनीयतेची हमी एवढे एका पानावर लिहून घेतले, की मुलांना केवळ झेरॉक्स काढण्यास जुंपले जाते, या रास्त आक्षेपासही बऱ्याच अंशी उत्तर मिळते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. महाविद्यालयांना सर्व विद्यार्थी एकाच सुट्टीत पाठवावयाचे असतात. पण कामाचा हंगाम प्रत्येक व्यवसायात वेगळा असतो. कर सल्लागाराकडे विवरणपत्रांच्या अंतिम तारखांपूर्वी, साखर कारखान्यात गळीत हंगामात आणि कापड दुकानात दिवाळीच्या आधी माणसे हवी असतात. १२० तास पंधरा दिवसांत उरकण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस, रोज सहा तास असे दहा आठवडे दिले, तर विद्यार्थी तीन मासिक विवरणे तयार होताना पाहू शकतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा न्याय शिक्षणास लागू पडत नाही. सनदी लेखापालांकडील आर्टिकलशिप जुलै २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली. तरीही लेखापाल विद्यार्थी आनंदाने घेतात. याचे एक कारण असे, की शिकविण्यात घातलेला वेळ पुढे कामाच्या रूपाने परत येण्यास तेथे पुरेसा अवधी असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षकाच्या सहभागाची. पिलानीच्या बिट्स या संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्यात विद्यार्थी उद्योगांत जातात आणि संस्थेचे प्राध्यापकही त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात. प्रत्येक महाविद्यालयास हे त्या प्रमाणात साधणार नाही. पण पंधरवड्यातून एकदा कारखान्यात जाणे कोणत्याही प्राध्यापकास अशक्य नाही. प्राथमिक चुका शिक्षकाने सुधारल्या, तर हिशेबनिसाचा भार हलका होतो. शिवाय प्रत्यक्ष व्यवहार पाहिलेला शिक्षक वर्गात वेगळ्याच अधिकाराने बोलतो. मात्र अशा भेटींची गणना प्राध्यापकाच्या कार्यभारात व्हावयास हवी. अन्यथा हे काम उत्साही व्यक्तींपुरतेच राहील.

प्रारंभ कोठून करावा? नामांकित कंपन्यांच्या मागे धावण्याआधी पंचक्रोशीतील औद्योगिक वसाहत, सहकारी पतसंस्था आणि व्यवसायात स्थिरावलेले माजी विद्यार्थी यांची यादी करावी. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. इंटर्नशिप आणि कायद्याखालील उमेदवारी या वेगळ्या बाबी असल्या, तरी नोंदणीच्या कामात महाविद्यालयाने साहाय्य केल्यास उद्योजकाशी संबंध जुळण्यास ते उत्तम निमित्त ठरेल.

या कामी बँकेची शाखा दुवा होऊ शकते. कोणत्या उद्योजकाची विवरणपत्रे उशिरा येतात, हे शाखाधिकाऱ्यास ठाऊक असते. महाविद्यालयाचे खातेही अनेकदा त्याच शाखेत असते. ग्राहकाची कोणतीही माहिती उघड न करता, त्याच्या संमतीने दोघांची गाठ घालून देण्यास खर्च येत नाही. ज्या उद्योजक ग्राहकांना हिशेबाची जाण असलेली माणसे मिळत नाहीत, त्यांनीही आठवड्यातील दोन दिवसांसाठी एक खुर्ची मोकळी ठेवून पाहावी. ओळखीपाळखी नसलेल्या मुलास त्या खुर्चीवर बसता आले, तर त्याच्या पदवीस अर्थ येईल आणि उद्योजकास उद्याचा जाणता हिशेबनीस आजच पारखून घेता येईल.