प्लाय विचारू नका, आकडा वाचा

टायर घ्यायला गेलं की आपला एकच प्रश्न, "किती प्लायचं?" दुकानदार म्हणाला "सहा, दणकट आहे," की आपण खूश. मीही तेच केलं. मागच्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या चढावर हजार लिटरची टाकी भरून पिकअप चालली होती, मागे चार माणसं. मागचं टायर फुटलं. गाडी डोंगराच्या अंगाला गेली. दरीच्या अंगाला गेली असती तर त्या चौघांच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?

घरी येऊन टायर पहिल्यांदा वाचलं. मापाच्या पुढे 100/97 असं होतं. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकांचा. 100 म्हणजे 100 किलो नव्हे, एका टायरला 800 किलो. 104 म्हणजे 900, 108 म्हणजे 1000, 112 म्हणजे 1120. प्लाय हे सुती थरांच्या काळातलं माप. आज सहा प्लायच्या टायरात सहा थर असतातच असं नाही.

मग रिकाम्या गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर चढवली. 700 किलो. दोन टायर मिळून 1600, म्हणजे मागच्या चाकांवर आणखी 900 चालतील. युरियाच्या 45 किलोच्या 20 गोण्यांतच हिशेब संपला! मी तर हजार किलो पाणी आणि वर माणसं घातली होती. थोडं वजन पुढच्या चाकांवर जातं खरं, पण टाकी मागच्या फाळक्याला टेकवलेली, आणि चढावर वजन मागेच सरकतं.

"पाटा वाढवलाय, काय होत नाही," हे सांगणारे गावोगावी आहेत. अहो, पाट्याने गाडी बसत नाही एवढंच. टायरवरचं ओझं किलोभरही कमी होत नाही. आणि आरसीवरची मर्यादा कमी असेल तर तीच खरी, टायर कितीही भारी बसवा.

दुसरी खोड हवेची. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा सोडतो आणि तशीच भरलेली गाडी डांबरीवर पळवतो. तो 800 चा आकडा पूर्ण हवेचा आहे, भावांनो. हवा कमी असली की टायरची कूस दुमडत राहते, आतून तापते, आणि फुटतं ते नेमकं घाटात.

खताचा डोस एकरी किलोत सांगणाऱ्या कृषीवाल्या मित्रांनी गोण्या गाडीत चढताना हा हिशेबही सांगावा. "वीस वर्षं असंच चाललंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्यांच्या गाडीत मागे बसणार नाही एवढंच.

दोन खेपांचं डिझेल परवडत नाही, मान्य. मी आता 700 लिटरच भरतो, टाकी केबिनला चिकटवून. माणसं एसटीने येतात.