निवेदनं पुरे, आता धुऱ्यावर चला



आपल्या कार्यकर्त्यांकडं कामाचा तोटा नाही. बॅनर छापा, सत्काराचे हार आणा, तहसीलवर निवेदन द्या, साहेबासोबत फोटो काढा, पुढच्या महिन्यात तारीख बदलून तेच निवेदन पुन्हा द्या. संध्याकाळी माणूस दमून घरी येते अन् म्हणते, आज लय काम झालं. काय झालं तं साहेबानं निवेदन स्वीकारलं. बाप्पा, साहेब तं स्वीकारतेच! शिक्का मारायला त्याचं काय जाते?

मोर्चाचा मला राग नाही. लोकं रस्त्यावर उतरले म्हणूनच २००६ साली वनहक्क कायदा झाला. पण आता जे काम उरलं ते गावात अन् जबरानजोतीच्या धुऱ्यावर आहे, अन् तिथं जायला कोणी तयार नाही. कारण तिथं फोटो निघत नाही.

कायदा काय मागते? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, याचे किमान दोन पुरावे. जुने धुरे, विहीर, मसणवटी, देवाचं ठाणं, हे सगळं पुराव्यात बसते. गावातल्या बुढ्या माणसाचा लेखी जबाबही बसते, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नसावा. सगळ्यात आधी हेच काम करायचं. दंडाची पावती पेटीत दहा वर्षं राहील, बुढा राहीलच असं नाही. कोणाच्या बापानं कोणतं रान तोडलं, नाला आधी कुठून वाहत होता, हे सांगणारे एकेका गावात दोन-चारच उरले आहेत. अन् आपण त्यांना काहून बोलावतो? शाल घालायला!

कार्यालयंही आपल्याला फिरवतात. आदिवासी माणसाला तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. ती अट इतर पारंपरिक वननिवासींसाठी आहे, आपल्यासाठी नाही. तसं लेखी द्या म्हणा, अन् परत या. त्या एका कागदापायी मजुरीचे चार दिवस कशाला बुडवता?

काही जण म्हणतात, वर्धा जिल्ह्यात पेसा लागू नाही, मंग काय करणार? पेसा नाही हे खरं आहे. पण वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, कुठंही ग्रामसभा दावा घेऊ शकते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव कायदा यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून अभ्यासगटात बसत होतं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ठराव करत नव्हतं. कंटाळवाणं काम आहे ते. शिबिरं अन् परिषदा आपल्या जिल्ह्यात काय कमी होतात? पण एका गावानं दर आठवड्याला बसून आपल्याच जंगलाबद्दल बोलावं, हे कुठं होते, सांगा.

अन् अर्धवट दाव्यानं काय होते ते २०१९ मध्ये दिसलं. १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दावे नामंजूर झालेल्या लोकांना जमिनीवरून हटवायचा आदेश दिला. २८ तारखेला तो थांबवला, पण रद्द नाही केला. त्या पंधरा दिवसांत ज्याच्या हातात नामंजुरीचं लेखी कारण नव्हतं, अपिलाची पोचपावती नव्हती, त्याला शिक्क्याच्या निवेदनाचा काय उपयोग होता? नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, साठ दिवसांत अपील करा.

मोहफूल लागलं की पहाटे कोणी घरी सापडणार नाही, मंग तेंदूपत्ता, मंग पेरणी. मधे हे दोन महिनेच आहेत. तवरोक एकही सत्कार नको. प्रत्येक गावच्या वनहक्क समितीनं आधी बुढ्यांचे जबाब लिहून घ्या, वाचून दाखवा, अंगठा घ्या. मंग वनखात्याला अन् महसूलला तारखेची लेखी सूचना द्या, पोच ठेवा, अन् त्या दिवशी धुरे फिरा. बायांना सोबत घ्या, जंगलाच्या वाटा त्यांनाच जास्त माहीत आहेत. पंचनाम्यावर बीटगार्डची अन् पटवाऱ्याची सही तिथंच घ्या, आले नाहीत तर तेही त्याच कागदावर लिहा.