आधी गेज, मग पान्हा

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर, देवनारच्या आसपास, गाडी हातभर पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. थकलेला व्हॅक्यूम पंप अशाच रस्त्यावर उघडा पडतो. पंपाचा वेग इंजिनावर अवलंबून असतो. कोंडीत इंजिन आयडलवर आणि पाय सारखा ब्रेकवर, म्हणजे पंप सर्वांत हळू फिरतो तेव्हाच त्याच्याकडून सर्वांत जास्त काम मागितलं जातं. तीच गाडी सायन-पनवेल महामार्गावर मोकळी पळवली की ब्रेक बरा वाटतो. म्हणून "कधी कधी ब्रेक दगड होतो" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा गॅरेजच्या दारातली एक फेरी मारून त्याला खोटं ठरवू नये.

जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमधून आयता व्हॅक्यूम मिळत नाही. ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो. जुन्या इंडिका, सुमो, बोलेरोमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला आपण रोज पाहतो. पण ब्रेक जड झाला की थेट पंपच उतरवायचा, ही सवय महागात पडते. बूस्टरचा फाटलेला डायफ्राम, अडकलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आतून फुगलेला किंवा चिरलेला होज, यांचंही लक्षण तेच.

पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवून ओढ पाहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अंगठ्याला ओढ आहे एवढं कळतं. किती आहे ते कळत नाही. गेज थेट पंपाच्या तोंडाशी लावा. आयडलवर पाऱ्याचे ६०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त व्हॅक्यूम झपाट्याने यायला हवा. तिथे आकडा चांगला आणि बूस्टरच्या टोकाला कमी, तर दोष मधल्या होजमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. दोन्हीकडे कमी, तर पंप. इंजिन बंद केल्यावर बूस्टरकडचा काटा लगेच पडू लागला, तर व्हॉल्व्ह किंवा डायफ्राम तपासा. ६००चा हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. महाबळेश्वरला हवेचा दाबच कमी, म्हणून तोच निरोगी पंप तिथे शंभरेक मिलिमीटर कमी दाखवेल.

पंप खरंच गेला असेल, तर तो का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नका. आतली पाती इंजिन ऑइलवरच सरकतात आणि ऑइलच्या थरामुळेच हवाबंद राहतात. येणारी बारीक नळी गाळाने तुंबली की पाती कोरडी घासतात. परतीची नळी तुंबली की ऑइल सीलमधून अल्टरनेटरमध्ये उतरतं. मग चार्जिंगचा दिवा लागतो, अल्टरनेटर ‘जळाला’ म्हणून बदलला जातो आणि काही दिवसांनी नवाही ऑइलने माखतो. बूस्टरच्या होजमध्ये ऑइल दिसलं तर डायफ्रामचं रबर फुगलं आहे का, तेही पाहायला हवं.

पंपाच्या आतल्या घरावर ओरखडे नसतील तर पाती आणि सीलचं किट पुरेसं आहे. नखाला चर लागली, तर किटचे पैसे वाया जातील, पंपच बदला. पाती उलटी बसू देऊ नका, तांब्याचे वॉशर नवे घ्या, आणि पहिला स्टार्ट मारण्याआधी पंपात थोडं ऑइल घाला. कोरडा फिरलेला नवा पंप त्याच दिवसापासून झिजू लागतो.

बूस्टर मेला तरी ब्रेक पूर्ण जात नाही, पण पेडलवर कित्येक पट जोर द्यावा लागतो. उतारावर, भरलेल्या गाडीत, अशक्त पायाच्या चालकाला तो जोर जमेलच असं नाही. म्हणून आमचं व्यावसायिक बांधवांना सांगणं एवढंच: ब्रेकच्या कामाच्या जॉबकार्डवर दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा व्हॅक्यूम लिहा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. पंप बदलल्याचं बिल कुणीही देऊ शकतो. आकडा लिहून देणाऱ्याला मात्र दोष शोधावाच लागतो.