साठ हजार युनिटांची पुडी आणि आपली चिठ्ठी

कीटकनाशक प्यायलेला किंवा साप चावलेला रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा विष आधीच अंगात भिनलेले असते. ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेत डॉक्टर पहिल्या दिवसापासून हजर असतो. उन्हामुळे किंवा रोजच्या जेवणामुळे हे जीवनसत्त्व विषारी पातळी गाठत नाही. ती गाठली जाते पुडी, कॅप्सूल, थेंब आणि इंजेक्शन यांतून, आणि बहुतेक वेळा त्यामागे आपला लेखी किंवा तोंडी सल्ला असतो. म्हणूनच ही विषबाधा जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. ती टाळण्याची पहिली जबाबदारी फॅमिली डॉक्टरांची आहे.

आकडे एकदा डोळ्यांसमोर आणू. भारतीय प्रौढाची रोजची शिफारस 600 युनिट आहे. वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घेण्याची सुरक्षित कमाल मर्यादा 4,000 युनिट मानली जाते. आपण लिहितो ती पुडी 60,000 युनिटांची, म्हणजे शंभर दिवसांची शिफारस एका घोटात. आठवड्यातून एक याप्रमाणे आठ आठवडे घेतली तर 4 लाख 80 हजार युनिट होतात आणि कमतरता असलेल्या रुग्णाला हा उपचार योग्यच आहे. तीच पुडी रोज घेतली, तर तेवढ्याच काळात 33 लाख 60 हजार युनिट पोटात जातात.

रोज घेतली जाते ती का, याचे कारण आपल्या चिठ्ठीतच आहे. रक्तदाबाची गोळी रोज, साखरेची रोज, कॅल्शियमची रोज, आणि त्याच रांगेत खाली इंग्रजीत घाईने लिहिलेले ‘आठवड्यातून एकदा’. सत्तरीच्या आजींनी यातून काय समजून घ्यायचे? घरातले कोणी मेडिकलमधून सगळी औषधे एकदम आणते आणि सकाळच्या चहाबरोबर पुडी सुरू होते. दुसरी त्रुटी आणखी खोल आहे. औषध कधी थांबवायचे हे आपण लिहीतच नाही. जुनी चिठ्ठी दाखवून पुड्या मिळत राहतात. ‘ताकदीचे औषध आहे, अपाय काय होणार’ या समजुतीने त्या वर्षानुवर्षे चालू राहतात.

इंजेक्शनाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. 6 लाख युनिटांचे एक इंजेक्शन म्हणजे दहा पुड्या, आणि दिल्यावर ते परत घेता येत नाही. स्नायूतून हे औषध रक्तात सावकाश उतरते, पातळी कित्येक आठवडे चढत राहते. पंधरा दिवसांत गुडघेदुखी थांबली नाही म्हणून दुसरे इंजेक्शन दिले जाते, तेव्हा पहिल्याचा परिणाम अजून वाढतच असतो. रुग्ण दवाखाना बदलतो आणि नवा डॉक्टर पहिल्या दोन इंजेक्शनांविषयी विचारत नाही. मोठा डोस विषारी पातळीला पोहोचला नाही तरी निरुपद्रवी ठरतोच असेही नाही. ऑस्ट्रेलियात 70 वर्षे व त्यापुढील 2,256 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा 5 लाख युनिट तोंडावाटे घेणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण 15 टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे 26 टक्क्यांनी जास्त निघाले. ज्या हाडांसाठी औषध दिले, तीच अधिक मोडली.

विषबाधेची लक्षणे फसवी असतात, कारण ती रोज ओपीडीत दिसणारीच लक्षणे आहेत. भूक मरते, मळमळते, उलट्या होतात, बद्धकोष्ठता जडते, तहान आणि लघवी वाढते, वजन उतरते. पुढे सुस्ती येते, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. ॲसिडिटी, वय, नैराश्य अशी लेबले लागतात, क्रिएटिनिन वाढलेले दिसले की मधुमेहाला दोष दिला जातो. मूळ कारण रक्तातले वाढलेले कॅल्शियम असते. त्यामुळे मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता जाते, शरीरातले पाणी घटते आणि पाणी घटले की कॅल्शियम आणखी चढते. म्हणून वयस्कर रुग्णात उलट्या, बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपण एकत्र दिसले की कॅल्शियम तपासा, अल्ब्युमिन लक्षात घेऊन त्याचा अर्थ लावा आणि पुड्या-इंजेक्शनांची चौकशी करा. पॅराथायरॉइड हॉर्मोन दबलेले आणि 25-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व 150 नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर निदानाला फारशी शंका उरत नाही.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तत्काळ बंद करणे, सलाइनने पाण्याची तूट भरून काढणे, थायझाइड चालू असेल तर थांबवणे, ही पहिली पावले. गरजेनुसार स्टेरॉइड, कॅल्सिटोनिन किंवा मूत्रपिंड पाहून बिसफॉस्फोनेट देण्यासाठी रुग्णाला वेळेत रुग्णालयात पाठवावे. कॅल्शियम उतरले म्हणून निर्धास्त होऊ नये. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्याच्या 25-हायड्रॉक्सी रूपाचे अर्धायुष्य दोन ते तीन आठवड्यांचे आहे. घरी गेलेल्या रुग्णाचे कॅल्शियम पुन्हा चढू शकते. पुढचे काही महिने तपासणी हवीच.

यातून ड जीवनसत्त्व लिहायलाच घाबरावे, असा अर्थ कृपया काढू नका. आपल्याकडे कमतरता खरी आहे, मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया आजही दिसतात आणि त्यांवरचा उपचार स्वस्त व परिणामकारक आहे. प्रश्न आहे तो हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधला एक आकडा लाल रंगात दिसला म्हणून सुरू होणाऱ्या उपचाराचा. एंडोक्राइन सोसायटी या अमेरिकास्थित संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे म्हटले आहे, आणि 30 नॅनोग्रॅमचे आपले जुने लक्ष्यही मागे घेतले आहे. मग त्या लक्ष्याखालच्या प्रत्येक आकड्याला औषध देण्याचा आग्रह आपण का धरावा?

पाच गोष्टी प्रत्येक दवाखान्यात लगेच सुरू करता येतील. चिठ्ठीवर मराठीत वार लिहा: ‘दर रविवारी एक पुडी’. एकूण पुड्या आणि शेवटची तारीख लिहा. नवे औषध देण्याआधी मागील सहा महिन्यांतली इंजेक्शने, कॅल्शियमच्या गोळ्या, प्रोटीन पावडरी आणि मल्टिव्हिटॅमिन यांची विचारपूस करा. बाळांच्या थेंबांबाबत एका मिलिलिटरमध्ये 400 युनिट आहेत की 800, हे बाटली हातात घेऊन आईला दाखवा. क्षय, सार्कॉइडोसिस किंवा मूतखडा असलेल्या रुग्णात आधी कॅल्शियम पाहा. क्षयाच्या आणि सार्कॉइडोसिसच्या गाठींतल्या पेशी स्वतःच हे जीवनसत्त्व सक्रिय करतात.

विषबाधेचा रुग्ण सापडला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर जरूर कळवा. अशी नोंद कोणाही सहकाऱ्यावर ठपका ठेवण्यासाठी नसते. चूक नेमकी चिठ्ठीत झाली, मेडिकलच्या काउंटरवर झाली की घरात, हे नोंदींतूनच उमगेल आणि तिथेच ती रोखता येईल.